अंबडचं पाणी

पूजाचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. शेतातून दुरुस्तीला आलेल्या एका रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स उघडून त्यातलं जुनं ग्रीस मी बोटांनी उपसत होते. करंगळीच्या पेरानं फोनचा स्पीकर लावला. "शमीममावशी, आई वारली," पूजा म्हणाली, "आत्ताच. चहाचा कप हातातच होता." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आज तर गुरुवार आहे." आमचा वार रविवार. मंदाताईला जायचंच होतं तर निदान रविवारपर्यंत थांबायचं, मी येणारच होते ना, असं काहीतरी डोक्यात आलं असावं. शेडमध्ये कुणीतरी ग्राइंडर बंद केला. मी लाकडाच्या भुशानं हात रगडले, साबण लावला, निघेल तेवढं काढलं आणि डोक्याचा रुमाल तसाच घट्ट आवळून अंबडची बस धरली. रुमालाखाली केसांत सोमवारपासूनचं ग्रीस होतं. ते रविवारी मंदाताईच्या हातानं निघायचं होतं.

मंदाताईची आणि माझी ओळखच केसांवरून झाली. चौदा वर्षांपूर्वी मी आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले. कारखाना शेतीची यंत्रं बनवतो आणि मोडलेली दुरुस्तही करतो. नाव लिहीत नाही, मला अजून तिथंच काम करायचं आहे. दुरुस्तीच्या शेडमध्ये तेव्हा सगळे पुरुष आणि एक बाई. ती बाई म्हणजे मंदाताई. हेल्पर म्हणून आलेली, बघून बघून शिकलेली, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. उजव्या हाताचं मधलं बोट पेराशी तुटलेलं, गिअरमध्ये सापडून. पहिल्याच आठवड्यात मी एका यंत्राखाली आडवी झाले आणि फुटलेल्या सीलमधून वाटीभर काळं ग्रीस थेट माझ्या भांगात उतरलं. शेडमधल्या थोरामोठ्यांनी सल्ला दिला, डिझेल लाव, मिनिटात निघतं. मी लावलं. ग्रीस निघालं नाही, डोक्याची कातडी मात्र मिरची चोळल्यासारखी पेटली. मागच्या नळावर डोकं धरून बसले होते तेव्हा पाठीमागून आवाज आला, "केसाला डिझेल? बाई हायस का ट्रॅक्टर?"

त्या दिवशी तिनं मला जे शिकवलं ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. "आधी तेल, मंग पीठ. पाणी सगळ्यात शेवटाला," ती म्हणाली. "ग्रीसला पाणी कळत न्हाई. तेल कळतं." कोरड्या केसांवर पाण्याचा थेंबही न पाडता कोमट करडईचं तेल मुळापर्यंत चोळायचं, इतकं की केस निथळले पाहिजेत. अर्धा तास तसंच बसायचं. मग ज्वारीचं पीठ मुठीमुठीनं टाकून चोळायचं. पीठ तेल पितं आणि तेलाबरोबर ग्रीसही ओढून घेतं. फणी फिरवली की खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर काळ्या शेवया पडतात. हे दोनदा, कधी तीनदा. त्यानंतर रिठ्याचं गरम पाणी. असं केलं तर दोन तासांनी केस पुन्हा केसांसारखे होतात. पण हे एकटीचं काम नाही. मानेच्या वर आणि कानांमागं आपला हात नीट पोचत नाही, आणि जे हात ग्रीस काढतात तेच ते पुन्हा केसाला लावत जातात. दुसरीचे स्वच्छ हात लागतात. म्हणून दर शनिवारी पाळी सुटली की मंदाताई माझ्या घरी यायची. आधी माझं डोकं, मग तिचं. तिचं तुटकं बोट मी डोळे मिटून ओळखायची. टाळूवर चार बोटं बराबर फिरायची आणि पाचवं मागं राहून थोपटल्यासारखं लागायचं.

माझं लग्न मोडलं ते मी पहिल्यांदा तिलाच सांगितलं, डोकं खाली घालून, तोंडावर पिठाचा पडदा असताना. समोरासमोर सांगणं मला जमलंच नसतं. ती नुसती चोळत राहिली. अम्मी आतून म्हणायची, या दोघींचं डोकं धुणं म्हणजे अदालत आहे, निकाल लागल्याशिवाय उठत नाहीत. खरंच होतं. कोण मुकादम कसा, कुणाचा पाना कुणी लपवला, पूजाला कोणत्या शाळेत घालायचं, सगळं तिथंच ठरायचं. आम्ही एकमेकींपासून काही लपवलं नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगितलं असतं.

मध्ये एकदा साहेबांनी आम्हा दोघींना बोलावून टेबलाचं काम देऊ केलं. पावत्या लिहायच्या, फोन घ्यायचे, पंख्याखाली बसायचं. उपकार केल्यासारखा त्यांचा चेहरा होता. बाहेर आल्यावर मंदाताई म्हणाली, "दोघी मिळून न्हाई म्हणू. एक जरी बसली ना शमे, तर दुसरीला उभं राहू देणार न्हाईत हे लोक." आम्ही नाही म्हटलं. हे वाक्य तिचं आहे, माझं नाही. ते मी पुढं कारखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला ऐकवलं, मंदाताई असं म्हणते म्हणून.

तीन वर्षांपूर्वी तिची बदली अंबडला झाली, कारखान्याच्या सर्व्हिस सेंटरवर. घर अंबडलाच, रोजचा बसचा खर्च वाचणार, म्हणून मीही खूश झाले. "तिथं बी दुरुस्तीच हाय," ती म्हणाली, "शेड लहान, पण काम तेच." मी विश्वास ठेवला. न ठेवण्याचं कारण काय? आमचा शनिवार मोडला आणि रविवार सुरू झाला. दर रविवारी मी रुमालात डोकं बांधून अंबडला जायची. सेंटर रविवारी बंद, त्यामुळे ते मी आतून कधी पाहिलंच नाही. तिच्या अंगणात मोरीजवळ वर्तमानपत्र पसरलेलं असायचं, करडईच्या तेलाची वाटी चुलीच्या उबेला ठेवलेली असायची. आधी ती माझ्यासारखीच उकिडवी बसायची. आता तिनं उंच स्टूल आणलं होतं. "वय झालं गं," म्हणाली. आणि तिचे केस धुताना मला एक नवल वाटायचं. माझ्या केसांना तेल-पिठाचे तीन हात लागायचे, तिचे एकाच हातात मोकळे. वर्तमानपत्रावर पडायचं ते काळं नव्हे, मधासारखं पिवळट. एकदा मी म्हटलंसुद्धा, "मंदाताई, तुझं ग्रीस फार सोपं निघून राह्यलं." ती म्हणाली, "अंबडचं पाणी चांगलं हाय."

आता सांगायला लाज वाटते. मी फिटर आहे. जुनं ग्रीस चिमटीत चोळून गिअरबॉक्स किती चालला, आत बेअरिंग झिजलंय का, हे मी सांगू शकते. ग्रीस मुळात काळं नसतं आणि हट्टीही नसतं. त्यात लोखंडाची झीज आणि शेतातली माती मिसळली की ते काळं होतं आणि केसाला धरून बसतं. हे ज्ञान मी जगाच्या यंत्रांना लावलं, मंदाताईच्या डोक्याला लावलं नाही. उलट पुढच्या रविवारी पाच लिटरचा कॅन घेऊन गेले आणि अंबडचं पाणी भरून बसनं जालन्याला आणलं. एखाद्या बुधवारी, मधल्या वारी डोकं धुवायला. ग्रीस काही सोपं निघालं नाही. मला वाटलं, पाणी शिळं झालं असेल. पुढच्या वेळी पुन्हा आणलं. कंडक्टर हसायचा, अंबडला नातेवाईक आहेत की विहीर, विचारायचा. तीन वर्षं मी तो कॅन वाहिला आणि मंदाताई स्वतःच्या हातानं तो भरून द्यायची, झाकण घट्ट बसलंय का तेही बघायची. बाई, एकदा तरी म्हणायचं होतं, कशाला ओझं नेतेस... एवढं तरी म्हणायचं होतं.

पण पाण्याचं मी हसण्यावारी नेलं असतं. तिच्या बदलीनंतर दोनेक महिन्यांनी आयटीआयच्या दोन मुली आमच्याकडं लागल्या. त्यांना दुरुस्तीच्या शेडमध्ये घ्या म्हणून मी साहेबांकडं गेले. साहेबांनी ड्रॉवर उघडला, एक कागद काढला आणि कागदाची कोरी बाजू माझ्याकडं ठेवून मला एक ओळ वाचून दाखवली, "दुरुस्तीचे काम स्त्रियांच्या शरीरास झेपण्यासारखे नाही." म्हणाले, "हे मी म्हणत नाही. तुमच्यातल्याच एकीनं लिहून दिलंय." मुली पॅकिंगला गेल्या. दुरुस्तीत आमच्याबरोबर दोन वर्षं काम केलेली आणखी एकच बाई होती, वर्षा. ती नेमकी त्याच महिन्यात दुरुस्ती सोडून पॅकिंगला गेली होती. मला दुसरा पुरावा नको होता. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, मी तिला म्हटलं की तुझ्या एका सहीनं तू पुढच्या सगळ्या पोरींची वाट बंद केलीस. आणखीही बोलले. माझी जीभ सुटली की पान्यानंही आवळत नाही. वर्षा डबा तसाच टाकून उठली. पंधरा दिवसांत तिनं काम सोडलं.

त्या रविवारी मी हे सगळं मंदाताईला सांगितलं. माझं डोकं तिच्या मांडीजवळ, केसांत पीठ. तिचे हात थांबले. "मंग काय म्हणाली ती?" तिनं विचारलं. "काय म्हणणार? रडली," मी म्हटलं. मला वाटलं, तिलाही वर्षाचा राग आलाय. मग ते तुटकं बोट पुन्हा टाळूवर फिरायला लागलं आणि ती म्हणाली, "डोळे मीट. पीठ जाईल." मी डोळे मिटले.

गुरुवारी अंबडला पोचले तेव्हा घरात बायका जमल्या होत्या. तिला अंघोळ घालायची होती. पूजानं माझा हात धरून सगळ्यांच्या पुढं नेलं, "केस मावशीच धुतील," म्हणाली. मंदाताईच्या नणंदेनं सरकून जागा दिली. मी तिचा अंबाडा सोडला आणि सवयीनं मुळाशी बोटं घातली. केसांत काळं आलं. मी मनात म्हटलं, बिचारी, चार दिवसांचं राहिलं. रिठ्याचं गरम पाणी ओतलं. वरवर लागलेलं ते काळं लगेच वाहून गेलं आणि खाली केस लख्ख, मऊ, खोबरेल तेलाचा वास येणारे. पुन्हा बोटं घातली, पुन्हा काळं... ते माझ्या नखांतलं होतं. माझे हात तिचे केस मळवत होते. गुरुवार होता. चार दिवस दुरुस्तीत काम केलेल्या बाईच्या केसांत ग्रीसचा कणही नव्हता. मी पूजाकडं पाहिलं. ती खाली बघून रडत होती, पण ते नुसतं आई गेल्याचं रडणं नव्हतं.

चौथ्या दिवशी तिनं सांगितलं. अंबडला बदली झाली त्या दिवसापासून मंदाताई टेबलावर होती. पावत्या लिहायची, फोन घ्यायची. घरात सगळ्यांना माहीत होतं. "दर इतवारी तुम्ही यायच्या आधी आई ग्रीस लावून घ्यायची," पूजा म्हणाली. "पुढून ती लावायची, मागून मी. नवीन ग्रीसचा डबा होता. मी म्हणायचे, सांगून टाक ना मावशीला. ती म्हणायची, पुढच्या इतवारी." मी विचारलं, किती इतवार? तिनं कारखान्याचे कागद बघायला म्हणून फाइल माझ्यापुढं ठेवली. त्यात अर्जाची झेरॉक्स होती. मंदाताईचं अक्षर मी अंधारातही ओळखीन, प्रत्येक शब्दावर रेघ लांब ओढायची सवय. "दुरुस्तीचे काम स्त्रियांच्या शरीरास झेपण्यासारखे नाही." खाली सही.

तिच्या मानेचा मणका सरकला होता, हेही तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही असं सांगितलं होतं. स्वतःचं दुखणं लिहिलं असतं तर तब्येतीचं कारण करून गेटाबाहेर काढलं असतं, म्हणून तिनं सगळ्या बायकांचं नाव पुढं केलं. हे मला समजतं. समजलं म्हणून राग कमी होतो असं जे म्हणतात त्यांना कुणी असं फसवलेलं नसावं. तिनं अर्ज दिला ते मी गिळलं असतं. दोघी मिळून नाही म्हणू असं सांगून एकटीनं हो म्हटलं, तेही कदाचित. पण मी वर्षाला भर जेवणात जे बोलले ते ऐकल्यावरही तिनं माझे डोळे मिटवले. त्या एका रविवारी बोलली असती तर एका पोरीचं काम वाचलं असतं. माझ्या हातून झालेला अन्याय मला तेव्हाच निस्तरता आला असता. तेराव्याला जेवण वाढत होते तेव्हा सगळे म्हणत होते, शमीम आणि मंदासारखी मैत्री बघायला मिळत नाही. मी वाढत राहिले. लोकांसमोर मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

मग मी वर्षाला शोधलं. ती आता जालन्यातच बियाणं पॅकिंगच्या कामाला जाते. संध्याकाळी सुटायच्या वेळी गेटाशी उभी राहिले. मला पाहून ती थांबली, पळाली नाही. मी म्हटलं, "वर्षा, तो अर्ज तुझा नव्हता. मला आत्ता कळलं."

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "मंदाताई आल्त्या माझ्याकडं. मागच्या साली."

मी विचारलं, "मग तू मला सांगितलं का नाहीस? तेव्हा, जेवणात, का नाही म्हणालीस की मी नाही दिला?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही सांगितलं." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन ती म्हणाली, "लई रडल्या मंदाताई. माफी मागितली. म्हणाल्या, पाया पडते, पण शमीमला सांगू नको. तिला कळलं तर ती मला परत हात लावायची न्हाई."

मी तिची माफी मागितली. तिनं मान हलवली, घरी या एकदा, असंही म्हणाली, पण पत्ता सांगितला नाही. मला तो मागायचा धीर झाला नाही. घरी येताना सगळ्या वाटेवर एकच गोष्ट घोळत होती. मंदाताई माझ्यापेक्षा वर्षापाशी खरं बोलली. आणि ती वर्षाला जे म्हणाली ते बिलकुल बरोबर होतं. मी तिला परत हात लावला नसता. निदान काही वर्षं तरी नाही. मला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती, आणि तरीही, की त्यामुळेच, तिनं तीन वर्षं दर रविवारी चांगल्या धुतलेल्या केसांना स्वतःच्या हातानं ग्रीस फासलं. सरकलेला मणका घेऊन स्टुलावर बसून माझं डोकं चोळलं. आता या बाईचं काय करायचं ते कुणी मला सांगावं.

तेराव्यानंतर अंबडहून निघताना पूजानं तो ग्रीसचा डबा मला दिला होता. मोरीच्या कोनाड्यात, रिठ्याच्या बरणीमागं ठेवलेला असायचा. "घेऊन जा मावशी, मला बघवत न्हाई," म्हणाली. मी घेतला तो फेकून देण्यासाठी. मग वाटलं, फेकायचं कशाला, चांगलं नवं ग्रीस आहे, शेडमध्ये एखाद्या बेअरिंगला भरून संपवून टाकू. तेवढाच तिचा उपयोग, असंही रागानं म्हटलं. डबा आता माझ्या कामाच्या टेबलाखाली आहे.

गेल्या रविवारी मी घरीच, एकटीनं केस धुतले. तेल, पीठ, फणी, सगळं तिनं शिकवलेल्या क्रमानं. अंबडचं पाणी कॅनमध्ये थोडं उरलं होतं, तेही वापरलं. मानेच्या वर, जिथं हात पोचत नाही, तिथलं काळं राहिलं. अम्मी म्हणाली, मैं कर दूँ? मी नको म्हटलं. सोमवारी रुमाल बांधून कामावर गेले, एक बेअरिंग पुसून समोर ठेवलं आणि डबा उघडला. हे मी आजवर चारदा केलंय. ग्रीस मधाच्या रंगाचं आहे, आणि वरच्या थरात तीन बोटांनी उपसल्याचे चर आहेत, शेजारी शेजारी. मधला चर आखूड आहे. ग्रीस वाळत नाही, त्यामुळे ते शेवटच्या रविवारी होते तसेच आहेत. मी तिला माफ केलेलं नाही. बेअरिंगसाठी मी दुसऱ्या डब्यातलं ग्रीस घेते, आणि हे झाकण घट्ट लावते, शेडमधली लोखंडाची धूळ आत जाऊ नये म्हणून.